वेब उपयोजनातील संरचना आणि सत्र व्यवस्थापन

न्याहाळकातून, म्हणजे ब्राउझरमधून, वापरल्या जाणाऱ्या संगणकप्रणालीला वेब उपयोजन म्हणतात. अशा प्रणालीच्या मूळ आज्ञावलीला हात न लावता तिची वागणूक ठरविणाऱ्या मूल्यांच्या संचाला संरचना असे नाव आहे. व्यवहारात कॉन्फिगरेशन किंवा नुसते सेटिंग हेच शब्द रूढ आहेत. वापरकर्ता दाखल झाल्यापासून बाहेर पडेपर्यंत त्याची ओळख आणि त्याचे चालू काम लक्षात ठेवण्याच्या व्यवस्थेला सत्र व्यवस्थापन म्हणतात. पाठ्यपुस्तकांत हे दोन विषय बहुधा वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. प्रत्यक्षात सत्र किती वेळ टिकावे, ते कोठे साठवावे आणि त्याची किल्ली कोणती असावी, हे सारे संरचनेतच ठरते. म्हणून त्यांचा विचार एकत्र करणे सोयीचे आहे.

बँक, रेल्वे आरक्षण, शिष्यवृत्तीचे अर्ज, सातबारा उतारा आणि हा विश्वकोश ही सर्व वेब उपयोजनेच आहेत.

संकल्पना

न्याहाळक आणि सर्व्हर यांच्यातील संभाषण एचटीटीपी या संकेतप्रणालीनुसार चालते. ही प्रणाली विस्मरणशील आहे. प्रत्येक मागणी तिच्या लेखी नवी असते. क्षणापूर्वी ज्याने पासवर्ड दिला, त्याचीच ही दुसरी मागणी आहे, हे तिला आपोआप कळत नाही. हा दोष नसून मूळ रचनेचा भाग आहे. केवळ लेख वाचावयाचे असतील, तर मागच्या वाचकाची आठवण ठेवण्याचे कारण नसते, आणि आठवण न ठेवणारा सर्व्हर एकाच वेळी पुष्कळांना उत्तर देऊ शकतो.

मोठ्या देवळाबाहेरील चप्पल स्टँडचा दाखला येथे उपयोगी पडतो. चपला ठेवून घेणारा माणूस कोणाचा चेहरा लक्षात ठेवत नाही. तो क्रमांकाचा बिल्ला देतो आणि जो बिल्ला दाखवील त्याला त्या खणातील चपला देतो. सत्राचे काम असेच चालते. वापरकर्त्याने एकदा ओळख पटविली की सर्व्हर एक लांबलचक यादृच्छिक क्रमांक तयार करतो, तो न्याहाळकाकडे देतो आणि त्या क्रमांकाखाली आपल्याकडे नोंद उघडतो. पुढच्या प्रत्येक मागणीबरोबर न्याहाळक तो क्रमांक दाखवतो. बिल्ला दुसऱ्याच्या हाती गेला तर चपलाही त्याच्याच, ही या व्यवस्थेची उणीवही दाखल्यात जशीच्या तशी उतरते.

संरचनेचा दाखला एस.टी.च्या गाडीचा देता येईल. गाडी तीच, पाटी बदलली की वडूज–साताऱ्याची वडूज–दहिवडी होते. इंजिन उघडावे लागत नाही.

इतिहास

टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधनसंस्थेत विश्वजाल उभे केले, तेव्हा त्यात सत्राची सोय नव्हती. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली यांनी ‘कुकी’ची कल्पना प्रत्यक्षात आणली. खरेदीच्या पेटीत ग्राहकाने काय टाकले, हे सर्व्हरऐवजी ग्राहकाच्याच संगणकावर राहावे, अशी एका व्यापारी प्रकल्पाची गरज होती. युनिक्सच्या जगात ‘मॅजिक कुकी’ हा शब्द आधीपासून होता. प्रणाली एकमेकींना देतात-घेतात, पण जिचा अर्थ ती वाहणाऱ्याला कळण्याची गरज नसते, अशा चिठ्ठीला तो लावीत. मॉन्टुली यांनी तोच शब्द उचलला. कुकीचे पहिले अधिकृत मानक १९९७ मध्ये आणि त्यानंतरचे महत्त्वाचे मानक, आरएफसी ६२६५, एप्रिल २०११ मध्ये प्रसिद्ध झाले.

मे २००० मध्ये आलेल्या पीएचपी ४ या आवृत्तीत सत्राची सोय भाषेतच अंतर्भूत झाली. त्यामुळे लहान संस्थांच्या संकेतस्थळांनाही ‘दाखल व्हा’ ही कळ सहज लावता येऊ लागली.

संरचना

संरचनेतील मूल्ये स्थूलमानाने दोन जातींची असतात. संकेतस्थळाचे नाव, भाषा, वेळेचा पट्टा, एका पानावर किती नोंदी दाखवायच्या, ही मूल्ये कोणी वाचली तरी बिघडत नाही. विदागाराचा पासवर्ड, सत्रावर सही करण्याची गुप्त किल्ली, दुसऱ्या सेवेचा प्रवेशसंकेत, ही मूल्ये फुटली तर सारेच फुटते. दोन्ही जाती एकाच संचिकेत शेजारीशेजारी लिहिण्याची सवय ही या क्षेत्रातील सर्वांत महाग पडलेल्या सवयींपैकी एक आहे. २०१६ मध्ये उबर कंपनीच्या अभियंत्यांनी आज्ञावलीच्या संग्रहात ठेवलेला प्रवेशसंकेत चोरांच्या हाती लागला आणि सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती बाहेर गेली. तो संग्रह खाजगी होता. तरीही हे घडले.

या अनुभवांतून गुप्त मूल्ये आज्ञावलीपासून वेगळी ठेवण्याचा प्रघात पडला. हेरोकू कंपनीतील तंत्रज्ञांनी २०११ च्या सुमारास मांडलेल्या ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप’ या तत्त्वावलीत त्यासाठी सोपी कसोटी दिली आहे: आपली संपूर्ण आज्ञावली या क्षणी जगासमोर खुली केली, तर एखादे गुपित उघडे पडेल काय? पडणार असेल, तर संरचना अजून वेगळी झालेली नाही. ही तत्त्वावली अशी मूल्ये कार्यप्रणालीच्या परिवेश-चलांत ठेवण्यास सांगते. मोठ्या संस्था गुपितांसाठी स्वतंत्र तिजोरीवजा सेवा वापरतात.

मराठी संकेतस्थळांच्या बाबतीत दोन सेटिंगांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. पहिले अक्षरसंकेतनाचे. मायएसक्यूएल या प्रचलित विदागार-प्रणालीत कित्येक वर्षे लॅटिन लिपीसाठीचे संकेतन हे मूळ मूल्य होते. युनिकोडची सर्व चिन्हे सामावणारे संकेतन मूळ मूल्य म्हणून २०१८ मधील ८.० या आवृत्तीत आले. त्यापूर्वी ज्यांनी हे सेटिंग बदलले नाही, त्यांच्या विदागारात देवनागरी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हांच्या ओळी साठल्या. अशी प्रश्नचिन्हे एकदा साठली की मूळ अक्षरे परत मिळत नाहीत. जुन्या मराठी संकेतस्थळांवर जी विद्रूप पाने दिसतात, त्यांतील कित्येकांमागे आज्ञावलीची चूक नसून न बदललेली एक ओळ आहे.

दुसरे वेळेच्या पट्ट्याचे. भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. सर्व्हर जागतिक वेळेवर ठेवला आणि अर्जाची मुदत मध्यरात्रीपर्यंत अशी नोंदविली, तर खिडकी भारतात पहाटे साडेपाचला बंद होते. उलट बाजूने, त्या दिवशी सकाळी उघडावयाचा अर्ज वेळेवर उघडत नाही म्हणून विद्यार्थी ताटकळतो.

सत्राची रचना

सत्रातील माहिती सर्व्हरवर संचिकेत, विदागारात किंवा स्मृतीत ठेवता येते, अथवा सही करून संपूर्ण कुकीतच घालता येते. पहिल्या पद्धतीत न्याहाळकाकडे केवळ क्रमांक जातो. दुसरीत सर्व्हरला काहीच साठवावे लागत नाही. मात्र दिलेली चिठ्ठी मुदतीपूर्वी रद्द करणे अवघड जाते. एका सर्व्हरवर चालणाऱ्या लहान संकेतस्थळाला संचिका पुरते. सर्व्हर दोन झाले की प्रश्न उभा राहतो: पहिल्याने दिलेला बिल्ला दुसऱ्याला ओळखता येत नाही. तेव्हा सत्रे सामायिक जागी हलवावी लागतात.

एका कुकीत सुमारे ४,०९६ बाइट मावतात. हे पुष्कळ वाटते, पण देवनागरीला ते तोकडे पडते. कुकीत देवनागरी अक्षरे थेट लिहिता येत नसल्याने ती टक्केचिन्हांच्या सांकेतिक रूपात बदलावी लागतात. ‘वडूज’ या शब्दात चार युनिकोड चिन्हे आहेत. प्रत्येकाचे यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट आणि प्रत्येक बाइटाची तीन अक्षरे, असे मिळून या लहानशा गावाच्या नावाला ३६ अक्षरे लागतात. म्हणून वापरकर्त्याचे नाव-पत्ता कुकीत न घालता केवळ क्रमांक घालणे, हे सुरक्षेइतकेच जागेच्या दृष्टीनेही शहाणपणाचे असते.

सत्रक्रमांकाचा अंदाज बांधता येता कामा नये. ओळीने येणारे क्रमांक दिले, तर ५०१ चा धारक ५०२ लिहून दुसऱ्याच्या खात्यात शिरेल. शिवाय दाखल होताना जुना क्रमांक टाकून नवा देणे आवश्यक असते. तसे न केल्यास हल्लेखोर स्वतःला ठाऊक असलेला क्रमांक आधीच दुसऱ्याच्या न्याहाळकात रुजवतो आणि ती व्यक्ती दाखल होण्याची वाट पाहतो. ‘सेशन फिक्सेशन’ या नावाने हा प्रकार २००२ मध्ये सविस्तर मांडला गेला.

कालमर्यादा

सत्राला दोन प्रकारच्या मुदती लावतात: काही हालचाल न झाल्यास संपणारी, आणि हालचाल असो वा नसो, ठरावीक काळाने संपणारी. या मुदतींची मूळ मूल्ये प्रणालीगणिक फार भिन्न आहेत. पीएचपीमध्ये निष्क्रिय सत्राची माहिती १,४४० सेकंदांनी, म्हणजे २४ मिनिटांनी, टाकून देण्यास पात्र ठरते. टॉमकॅटमध्ये ही मुदत ३० मिनिटे, तर जॅंगो या पायथन भाषेतील चौकटीत १२,०९,६०० सेकंद, म्हणजे तब्बल दोन आठवडे आहे. एककांतही मेळ नाही. जावाच्या संरचना-संचिकेत ही मुदत मिनिटांत लिहितात, पण तीच मुदत आज्ञावलीतून द्यायची तर सेकंदांत. एका ठिकाणचा ३० हा आकडा दुसरीकडे तसाच उतरविला, तर अर्ध्या तासाचे सत्र अर्ध्या मिनिटाचे होते.

पीएचपीचे २४ मिनिटेही काटेकोर नाहीत. जुनी सत्रे झाडण्याचे काम प्रत्येक मागणीला होत नाही. मूळ मूल्यांप्रमाणे शंभरांतून एखाद्या वेळी होते. गर्दीच्या संकेतस्थळावर ते वेळेवर घडते. दिवसाकाठी पाचदहा माणसे येणाऱ्या संकेतस्थळावर मात्र संपलेले सत्र बराच काळ जिवंत राहू शकते. ज्याला निश्चित मुदत हवी, त्याने सत्रातच शेवटच्या हालचालीची वेळ नोंदवून ती प्रत्येक मागणीला तपासावी लागते.

मुदत किती असावी, याला एकच उत्तर नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत मध्यम सुरक्षेच्या स्तरासाठी १२ तासांनी किंवा ३० मिनिटांच्या निष्क्रियतेनंतर पुन्हा ओळख पटविण्यास सांगितले होते. मुदत फार लांब असेल तर उघडे खाते मागे राहते. फार आखूड असेल तर सावकाश टंकन करणाऱ्याचा अर्ज अर्ध्यावर पुसला जातो. या दुसऱ्या बाजूचा विचार कमी होतो. मराठी टंकनाचा सराव नसलेली व्यक्ती, कागदपत्र शोधण्यासाठी उठलेली व्यक्ती, मंद जोडणीवर छायाचित्र चढविणारी व्यक्ती, या साऱ्या प्रणालीच्या दृष्टीने निष्क्रियच असतात. मुदत संपण्यापूर्वी सूचना देणे आणि अपूर्ण अर्ज मसुदा म्हणून साठविणे, हे यावरचे चांगले उपाय आहेत.

सामायिक संगणकाचा प्रश्न

बहुतेक प्रणालींची मूळ मूल्ये एक माणूस, एक संगणक हे गृहीत धरून ठरली आहेत. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात हे गृहीतक सर्रास मोडते. सातारा जिल्ह्यातील वडूज हे खटाव तालुक्याचे मुख्यालय आहे. अशा तालुक्याच्या गावी आजूबाजूच्या खेड्यांतील लोक दाखले, उतारे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज यांसाठी येतात, आणि सेवा केंद्रातील किंवा नेट कॅफेतील एकाच संगणकावर एकामागून एक अनेकांची कामे होतात. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नंतर ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून अधिसूचित सेवा मागता येऊ लागल्या. डिजिटल स्वाक्षरीचा सातबाराही घरबसल्या १५ रुपये भरून मिळतो. पण ‘घरबसल्या’ हा शब्द ज्याच्या घरी संगणक वा तसा फोन आहे त्याच्यापुरता खरा. इतरांसाठी तो केंद्रचालकाचा संगणक असतो.

येथे उद्भवणाऱ्या अडचणींत सर्वांत फसवी अडचण दोन खिडक्यांची आहे. कुकी ही न्याहाळकाच्या मालकीची असते, त्यातील एखाद्या टॅबच्या मालकीची नव्हे. समजा, केंद्रचालकाने एका टॅबमध्ये पहिल्या विद्यार्थिनीचा अर्ज उघडला. तिचे कागद यायचे आहेत म्हणून दुसऱ्या टॅबमध्ये दुसरी विद्यार्थिनी दाखल झाली. त्या क्षणी पहिलीची कुकी पुसली जाऊन तिच्या जागी दुसरीची आली. पहिल्या टॅबवर अजून पहिलीचेच नाव दिसते. परंतु ‘जतन करा’ दाबताच ती माहिती दुसरीच्या खात्यात जाते. पडद्यावर काहीही चुकलेले दिसत नाही. प्रत्येक प्रपत्रात सत्राशी बांधलेला एकेरी संकेत घातला, तर सर्व्हर अशी विसंगत मागणी नाकारू शकतो. मूळतः हा संकेत परक्या संकेतस्थळावरून आलेल्या बनावट मागण्या अडविण्यासाठी असतो. वापरणाऱ्याच्या बाजूने, प्रत्येक व्यक्तीसाठी वेगळा न्याहाळक किंवा न्याहाळकातील वेगळे प्रोफाइल उघडणे हा उपाय आहे. एकाच वेळी उघडलेल्या अनेक खाजगी खिडक्या मात्र बहुधा एकच कुकीसंग्रह वापरतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

टॅब बंद करणे म्हणजे बाहेर पडणे नव्हे. सत्रापुरती कुकी न्याहाळक बंद होताच नाहीशी होते, अशी समजूत आहे आणि मूळ योजनाही तीच होती. पण मागील टॅब पुन्हा उघडण्याचे सेटिंग चालू असल्यास आजचे न्याहाळक अशा कुक्याही जपून ठेवतात. ‘बाहेर पडा’ ही कळ सर्व्हरवरील नोंदच रद्द करते, निदान तिने तसे करावे अशी अपेक्षा असते. काही उपयोजने केवळ न्याहाळकातील कुकी पुसतात आणि सर्व्हरवरील सत्र तसेच सोडतात. तो क्रमांक कोणी टिपून ठेवला असेल तर तो पुढेही चालतो. बाहेर पडल्यावर ‘मागे’ हे बटण दाबून आधीचे पान दिसते, तो वेगळा मामला आहे. तेथे सत्र जिवंत नसून न्याहाळकाने साठवलेली प्रत दिसत असते; ते पान साठवू नये अशी सूचना सर्व्हरने पाठवली तर हा प्रकार टळतो.

एकवेळचा संकेतांक, म्हणजे ओटीपी, यांपैकी काहीही सोडवत नाही. तो दारापाशी ओळख पटवतो. आत गेल्यावर काम बिल्ल्यावरच चालते.

सत्राची चोरी

ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलर यांनी फायरशीप नावाचे न्याहाळकाचे विस्तारक प्रसिद्ध केले. सार्वजनिक वायफायवर बसून आसपासच्या लोकांच्या सत्राच्या कुक्या टिपणे आणि एका क्लिकसरशी त्यांच्या खात्यात शिरणे त्याने कोणालाही शक्य झाले. अनेक मोठी संकेतस्थळे तोपर्यंत केवळ पासवर्डचे पान कूटबद्ध करीत आणि पुढची सारी ये-जा उघडी ठेवीत. दाखवून दिल्याशिवाय हालचाल होत नाही, याचे हे चांगले उदाहरण. त्यानंतरच्या काही वर्षांत सर्व पानांसाठी एचटीटीपीएस हा शिरस्ता झाला.

कुकीवर लावावयाच्या खुणाही सेटिंगचाच भाग आहेत. ‘सिक्युअर’ ही खूण कुकी केवळ कूटबद्ध जोडणीवरून पाठवते. ‘एचटीटीपीओन्ली’ ही पानातील आज्ञावलीपासून तिला लपवते. ‘सेमसाइट’ ही परक्या संकेतस्थळावरून निघालेल्या मागणीबरोबर ती जाऊ देत नाही. २०२० पासून क्रोमने हिची मध्यम पातळी मूळ मूल्य म्हणून लागू केली.

सप्टेंबर २०१८ मध्ये फेसबुकने जाहीर केलेल्या घटनेत कोणाचाही पासवर्ड चोरीला गेला नव्हता. ‘दुसऱ्याला माझे पान कसे दिसते’ हे पाहण्याच्या सोयीतील चुकीमुळे प्रवेशचिठ्ठ्या बाहेर पडल्या. कंपनीने सुमारे ९ कोटी खात्यांच्या चिठ्ठ्या रद्द केल्या आणि तितक्या लोकांना पुन्हा दाखल व्हावे लागले. नंतरच्या तपासात सुमारे ३ कोटी खात्यांच्या चिठ्ठ्या चोरल्या गेल्याचे सांगण्यात आले.

मराठी विकिपीडियाचे उदाहरण

१ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया मीडियाविकी या पीएचपीतील उपयोजनावर चालतो. कोणीही आपल्या संगणकावर मीडियाविकी उभारली, तर तिची संरचना ‘लोकलसेटिंग्ज’ या एका संचिकेत लिहिली जाते: संकेतस्थळाचे नाव, भाषेचा संकेत, विदागाराचा पासवर्ड आणि गुप्त किल्ली. भाषेचा संकेत मराठी केला की कळांची नावे, महिने आणि आकडेही मराठीत येतात. विद्यार्थ्यांना संरचना म्हणजे काय हे पाहावयाचे असेल, तर ही एक ओळ बदलून पाहण्यासारखा दुसरा सोपा प्रयोग नाही.

विकिमीडिया प्रतिष्ठानाचे शेकडो प्रकल्प एकाच आज्ञावलीवर चालतात. कोणत्या विकीला कोणते मूल्य, याची मोठी संचिका सार्वजनिक संग्रहात आहे आणि ती कोणीही वाचू शकतो. त्यात सर्वसाधारण मूल्य एक आणि वेगळेपण हवे असलेल्या विकींची नावे पुढे, अशी मांडणी आहे. पासवर्ड व किल्ल्या मात्र वेगळ्या, बंद जागी आहेत. वर सांगितलेल्या दोन जातींची अशी स्वच्छ फारकत दुसरीकडे सहज पाहायला मिळत नाही. एखाद्या भाषेच्या विकीला सेटिंग बदलून हवे असेल, तर सदस्यांनी आधी आपसांत चर्चा करून सहमती दाखवावी लागते आणि मग फॅब्रिकेटर या कामनोंदणीच्या संकेतस्थळावर मागणी करावी लागते. सेटिंग बदलणे ही येथे तांत्रिक बाब होण्याआधी समाजाच्या निर्णयाची बाब असते.

मीडियाविकीतील सत्राच्या साठ्याची मूळ मुदत ३,६०० सेकंद, म्हणजे एक तास आहे. संपादनाच्या प्रत्येक खिडकीत सत्राशी बांधलेला संकेत असतो. मधल्या काळात सत्र नाहीसे झाल्यास तो जुळत नाही आणि सत्राची माहिती गहाळ झाल्याने संपादन जतन करता आले नाही, असा संदेश येतो. नवे संपादक, विशेषतः सावकाश लिहिणारे, यामुळे घाबरून खिडकीच बंद करतात आणि तासाभराचे लेखन खरोखर गमावतात. वास्तविक मजकूर त्याच खिडकीत शाबूत असतो. पुन्हा एकदा जतन केल्यास तो बहुधा स्वीकारला जातो. दाखल होताना ‘मला लक्षात ठेवा’ असा पर्याय निवडल्यास वेगळी, दीर्घ मुदतीची कुकी दिली जाते आणि संपलेले सत्र तिच्या आधारे पुन्हा उघडता येते. विकिमीडियाच्या प्रकल्पांवर ती ३६५ दिवसांपर्यंत टिकते. सेवा केंद्रातील किंवा शाळेच्या संगणकावर या चौकटीत खूण करणे म्हणजे वर्षभराचा बिल्ला टेबलावर ठेवून जाणे होय.

कायदेशीर बाजू

युरोपीय संघाच्या २००२ मधील निर्देशात २००९ मध्ये झालेल्या दुरुस्तीमुळे कुक्यांसाठी वापरकर्त्याची संमती घेणे आवश्यक झाले. संकेतस्थळांवरील संमतीच्या पट्ट्या तेथून आल्या. वापरकर्त्याने स्वतः मागितलेल्या सेवेसाठी अत्यावश्यक असलेल्या कुक्या, म्हणजे दाखल झाल्याची नोंद ठेवणारी सत्राची कुकी, या अटीतून वगळलेल्या आहेत. भारतात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ संमत झाला आहे. त्यात माहिती सांभाळणाऱ्या संस्थेवर वाजवी सुरक्षा उपाय योजण्याचे बंधन घातले आहे.